नाशिकमध्ये प्राणिसंग्रहालय नाही, मग चार वर्षांच्या लेकीला घेऊन कुठे जायचं? (नांदूरमधमेश्वरचा अनुभव आणि प्रश्न)

सातपूरचा_बाबा

मंडळी, लेकीच्या शाळेत जंगली प्राण्यांचा पाठ झाला आणि घरात धोशा सुरू झाला. वाघ दाखव, हत्ती दाखव. आता आपल्याकडे रामकुंड आहे, पांडवलेणी आहे, नोटांचा छापखाना आहे, पण प्राणिसंग्रहालय नाही. बिबट्या तेवढा अधूनमधून शहरात चक्कर मारून जातो, तीही आपल्याला न विचारता.

मुंबई, पुणे, संभाजीनगर, कुठंही जायचं तर पोरीचा निम्मा दिवस गाडीत जाणार. तिची आई पेपर तपासण्यात अडकलेली. मग मी आणि लेक, दोघंच नांदूरमधमेश्वरला गेलो. नाशिकहून साधारण ४० किलोमीटर. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथं इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं आणि पक्षी यायला लागले. १९८६ पासून अभयारण्य आहे. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. एवढं सगळं आपल्या दाराशी असून माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलेलं नाही, असो.

जानेवारीत अंधारात निघालो. निफाडची थंडी काय असते ते पेपरात कुंदेवाडीचा पारा वाचून कळत नाही, गाडीची काच खाली केल्यावर कळतं. लेक दोन स्वेटर, कानटोपी, वर माझी शाल असा गाठोड्यासारखा अवतार करून झोपलेली. चापडगावच्या गेटवर तिकीट काढलं आणि एक गाइड घेतला. गावातलाच तरुण मुलगा, खांद्यावर तिवईवाली दुर्बीण. या सगळ्या सहलीत मी काही शहाणपणाचं केलं असेल तर ते हेच.

आत शिरल्यावर पहिलं काय दिसलं? शेळ्या. वाटेवर एक आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या आणि लेक तिथंच थांबली. पिल्लू आईला ढुशी का देतं, याच्या कानाला काय बांधलंय, लेंड्या गोल कशा पडतात. मला घाई होती, तिकडे ऊन चढत होतं. गाइड मात्र शांतपणे दुर्बीण टेकवून उभा राहिला. म्हणाला, "राहू द्या काका, बदकं कुठं जात नाहीत मार्चपर्यंत."

मग म्हशी. गळ्यापर्यंत पाण्यात, आणि पाठीवर गायबगळे. यावरही बराच वेळ गेला. खरे पाहुणे लांब होते: थापट्या, चक्रवाक, आणखी कितीतरी बदकं, मध्य आशियातून आणि त्याच्याही पलीकडून आलेली. मला त्याचं फार अप्रूप. तिला शून्य. चार वर्षांच्या पोरीला पाण्याच्या त्या टोकाला असलेला ठिपका म्हणजे ठिपकाच. तो हिमालय ओलांडून आला काय आणि ओझरहून आला काय.

गाइडने तिवई खाली केली, तिच्या उंचीला आणली. तिला एक डोळा मिटता येईना, तर त्याने स्वतःची टोपी तिच्या डाव्या डोळ्यावर धरली. मग एकदम दिसला चित्रबलाक. पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसं. तिने दुर्बिणीतून डोळा काढला, समोर पाहिलं, पुन्हा लावला. असं किती वेळा केलं देव जाणे. मागचा एक पाणकावळा पंख पसरून उभा होता. गाइड म्हणाला, याची पिसं पाण्याने भिजतात, म्हणून बुडी मारून आला की असं वाळवत बसावं लागतं. झालं, पुढचा सगळा रस्ता लेक हात पसरून चालली. "मी वाळतेय."

सगळ्यात भाव खाल्ला जांभळ्या पाणकोंबडीने. ती अगदी जवळ, काठाच्या गवतात हिंडत होती. लाल चोच, लाल कपाळ आणि ही लांब लांब बोटं. पायाने देठ धरून खात होती. त्याच वेळी वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि वारकरी पक्ष्यांचा सगळा थवा पाण्यावरून पळत सुटला. ते नुसते उडत नाहीत, आधी पाण्यावर पाय आपटत धावतात. फटफटफट. लेक एवढ्या जोरात हसली की पक्षी बघायच्या मनोऱ्यावरच्या एका गृहस्थांनी कॅमेऱ्याच्या भिंगातून डोळा काढून आमच्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

साडेनऊला ऊन लागायला लागलं, आम्ही निघालो. गाडीत बसताना प्रश्न आलाच: "वाघ कधी येणार?"

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, नाशिकहून लहान मुलांना घेऊन अजून कुठं जाता येईल? दोन, पिंजऱ्यातला वाघ दाखवावा का? आमच्या घरात यावर दोन तट पडले आहेत आणि माझा तट अल्पमतात आहे.

द्राक्षबागवाला

आमच्या तालुक्यात येऊन गेलात, छान वाटलं. पण बिबट्याचं गमतीत घेऊ नका. निफाड तालुक्यात ऊस आहे तिथं बिबट्या आहे, असंच धरून चालायचं. मादी उसातच पिल्लं घालते, तिच्या दृष्टीने ते जंगलच. तोडणी सुरू झाली की त्यांची जागा जाते आणि ते इकडे तिकडे फिरायला लागतात, म्हणजे नेमके तुम्ही पक्षी बघायला येता तेच महिने. लहान पोरं सोबत असली की पूर्ण उजाडल्याशिवाय गाडीतून उतरू नका. पोराला पुढे पळू देऊ नका, मोठ्यांच्या मधून चालवा. उसाच्या कडेला लघवीला बसवू नका, खाली बसलेलं माणूस त्याला छोटं जनावर वाटतं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत बाहेर. आम्ही रोज पाळतो हे, घाबरायचं काही नाही.

कॉलेजरोडची_मावशी

माझी जुळी आहेत, दीड वर्षाची. बाबागाडी चालेल का तिथं? आणि स्वच्छतागृहाचं काय?

सातपूरचा_बाबा

@द्राक्षबागवाला, हे गाइडनेही सांगितलं होतं, मुद्दाम लिहिल्याबद्दल आभार. @मावशी, बाबागाडी नको, वाट मातीची आहे, चाकं अडतील. पाठीवर बांधायची झोळी न्या आणि दोघांसाठी दोन मोठी माणसं. स्वच्छतागृह गेटजवळ आहे, आत शिरायच्या आधीच उरकून घ्या.

भायखळा_रिटर्न

वाघच बघायचा असेल तर सरळ मुंबईची राणीची बाग. आम्ही पंचवटी एक्सप्रेसने जातो. सकाळी नाशिकरोडला बसायचं, दादरला उतरायचं, लोकलने भायखळा, स्टेशनच्या पूर्वेला चालत पाच-सात मिनिटं. संध्याकाळी त्याच गाडीने परत. गाडीत पोरं झोपतात, गाडी चालवायची कटकट नाही. बुधवारी बंद असते, हे ठळक करून लिहितोय कारण दर वेळी कुणीतरी बुधवारीच जातं. पुण्याच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयालाही बुधवारीच सुट्टी.

पेंग्विन बघायला गर्दी असते, पण लहान पोरांसाठी तेच सगळ्यात भारी. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये आणले. काच जमिनीपर्यंत आहे, त्यामुळे पोराच्या नाकासमोरून पेंग्विन पोहत जातो. तुम्ही ठिपक्याबद्दल जे लिहिलंय ते अगदी पटलं. आमचा मुलगा वाघाच्या काचेसमोर दोन मिनिटं थांबला (वाघ झोपलेला) आणि पेंग्विनसमोरून उचलून न्यावा लागला.

आणि बागेच्या शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे तो दाखवा. हत्तीचा विषय तिथंच मिटेल, चारा लागत नाही.

मोकळं_आभाळ

पिंजरा नको. ज्या पोरीने आज पक्षी पाण्यावरून पळताना बघितले तिला उद्या कोपऱ्यात येरझाऱ्या घालणारा प्राणी कशाला दाखवायचा? तो रोज तीच आठ पावलं चालतो, तो ताण असतो. पोरांना वाटतं वाघ असाच चालतो. तुमच्या अल्पमतात माझं मत जोडा.

पंचवटीचे_आजोबा

मोकळं आभाळ, तुम्ही तरुण असाल. आमच्या लहानपणी वाघ-सिंह पाहिले ते सर्कशीत. आगीच्या कड्यातून उडी मारणारा सिंह, आणि त्याच्यापुढे चाबूक. दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचा, नाकात वेसण घातलेली. आम्ही टाळ्या वाजवायचो, कुणी वावगं मानत नसे. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळ करायला लावण्यावर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली. प्राणिसंग्रहालयांवरही १९९२ पासून केंद्राचं प्राधिकरण आहे, त्याची मान्यता नसेल तर चालवता येत नाही. म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही. पण राणीच्या बागेत आता गजांऐवजी काच आहे, आत झाडी आहे, पाणी आहे. नातवाला दाखवताना मी त्याला सर्कशीतला सिंहही सांगतो. त्याला आश्चर्य वाटतं की आजोबा टाळ्या वाजवायचे.

मोकळं_आभाळ

आजोबा, काच असो की गज, बाहेर जाता येत नाही ना. पण दरवेशाचं वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा समजला, मत तेच.

लेन्सवाला_देवळाली

तोंडावर बोट ठेवणारा मी नव्हतो, पण असू शकलो असतो! थोडी आमची बाजू. आम्ही थंडीत दोन-दोन तास एका जागी बसतो. भोवत्या खाली येतो तो क्षण आठवड्यात एकदा मिळतो. बाजूला कुणी ओरडलं की जवळचे पक्षी उठतात, आणि पक्ष्यांनाही दर वेळी उडण्यात ताकद घालवावी लागते. लांबचा प्रवास करून आलेले असतात, त्यांनी इथं खाऊन अंगात चरबी साठवायची असते. मुलांना आणू नका असं नाही. मनोऱ्यावर आणू नका, खालच्या वाटेवर फिरवा. तसंही मनोऱ्यावरून त्यांना काही दिसत नाही, कठडा त्यांच्या डोक्याच्या वर असतो.

इंदिरानगरची_आई

म्हणजे मनोरा भिंगवाल्यांना आंदण? तो वनविभागाचा आहे, तिकीट आम्हीही काढतो. आणि खरं सांगू, मी जे पक्षी उठवलेले बघितलेत ते पोरांनी नाही, फोटोसाठी काठाकडे सरकत जाणाऱ्या मोठ्या माणसांनी. एकाने तर भर गर्दीत मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला होता, तो पक्षी जवळ यावा म्हणून. चार वर्षांच्या मुलीच्या हसण्यापेक्षा हे वाईट नाही का?

लेन्सवाला_देवळाली

आवाज लावणं चूकच, आमच्यातले शहाणे लोक ते करत नाहीत. बाकी ताई, आंदण वगैरे नाही, सकाळी आठच्या आत आम्हाला बसू द्या, आठनंतर मनोरा तुमचा. तोवर खालच्या वाटेवर ऊन पाठीशी असतं, पोरांना पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. समोरून ऊन आलं की सगळे पक्षी काळे.

इंदिरानगरची_आई

आठनंतर चालेल. तसंही त्याआधी माझा मुलगा दूध संपवत नाही.

बालवाडीताई

धागा आवडला म्हणून सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं तीन ते सहाची मुलं सांभाळते आणि सहलीही नेते.

शेळ्यांपाशी थांबलात ते फार बरं केलंत. मोठ्यांना वाटतं तिकीट कशाचं काढलंय ते मुलाने बघावं. मुलाला तिकीट माहीत नसतं. त्याला जे हलतं, जे जवळ आहे, जे खातं किंवा शी करतं, ते बघायचं असतं. मी मुलांना प्राणिसंग्रहालयात नेलं होतं तेव्हा जिराफाच्या आवाराबाहेर मुंग्यांची रांग लागली होती आणि निम्मी मुलं तिकडेच. पालक रागावत होते, "अरे जिराफ बघ ना!" जिराफ बिचारा वर कुठंतरी.

दुसरं, सारखी परीक्षा घेऊ नका. "हा कोण? याला काय म्हणतात? काल सांगितलं होतं ना?" मुलं गप्प होतात. त्यापेक्षा एक काम द्या. आज आपण फक्त पाय बघायचे. लाल पाय कुणाचे, लांब पाय कुणाचे, पाण्यात पाय कसे हलतात. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय एकदा बघितले की मूल ते विसरत नाही. पुढच्या वेळी चोची. थापट्याची चोच चमच्यासारखी पसरट, तो पाणी गाळून खातो, तर घरी गाळणीने पाणी गाळून दाखवा. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीच्या दोन भागांत फट असते, तो गोगलगाय धरतो, ते चिमट्याने शेंगदाणा उचलून करता येतं.

दुर्बिणीबद्दल: मोठ्यांच्या दुर्बिणीच्या दोन नळ्या लहान मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ येत नाहीत, म्हणून त्यांना काळं दिसतं आणि ती कंटाळतात. एकाच नळीतून दाखवा, किंवा गाइडची तिवईवाली उत्तम. लहान मुलाने दुर्बीण कधीही सूर्याकडे वळवू नये, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा.

पिंजऱ्याचं विचारलंत. माझं मत दोन्हीकडून आहे. वाघ पाहिल्याने काही बिघडत नाही, पण मुलाने विचारलं की "हा बाहेर का येत नाही", तर खरं सांगा. "त्याला आवडतं इथं" असं सांगू नका. चार वर्षांच्या मुलाला खोटं लगेच कळतं, फक्त ते बोलून दाखवत नाही.

सातपूरचा_बाबा

ताई, पाय बघायची कल्पना उचलली. आमच्याकडे हात पसरून वाळणं अजून सुरू आहे, आंघोळीनंतर टॉवेल नको म्हणते.

कन्नडघाट

संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आहे की. पिवळे वाघ, पांढरे वाघ दोन्ही. राणीच्या बागेत २०२० मध्ये जी शक्ती-करिश्मा जोडी गेली ती इथूनच गेली. सुट्टीच्या दिवशी गर्दी खूप, सकाळी उघडतानाच गेलं तर बरं. वेफर्स फेकणारे लोक मात्र तिथंही असतात. रखवालदार ओरडून ओरडून थकतो.

त्र्यंबकवाट

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडंही मरायची; २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली तेव्हापासून थोडी आशा आहे. पण चार वर्षांच्या मुलीला वर चढवू नका, पायथ्यापासून आकाशात घिरट्या बघा. एवढंच.

येवलेकर

कुणी ममदापूरचं नाव घेईना म्हणून लिहितो. येवला तालुक्यात राजापूर-ममदापूर भागात काळवीट राखीव क्षेत्र आहे. येवल्यापासून पाऊण तास धरा. उघडं माळरान, झाडी विरळ, त्यामुळे लहान पोरालाही नुसत्या डोळ्याने कळप दिसतो. नर वर काळा, खाली पांढरा, पिळाची शिंगं. मादी तांबूस, तिला शिंगं नाहीत. घाबरले की चारही पाय एकदम उचलून उंच उडी मारतात. ते एकदा दिसलं की वाघाचं नाव काढणार नाही, पैज.

गाडी रस्त्यावरच ठेवायची, कळपामागे न्यायची नाही. पावसाळ्यानंतर जा, गवत असतं आणि माद्यांसोबत पाडसं दिसतात. उन्हाळ्यात माळ नुसता करपलेला असतो, पोरं वैतागतात. पाणी आणि खाऊ घरूनच न्या.

कॉलेजरोडची_मावशी

पाडसं! हे जुळ्यांसाठी चालेल, गाडीतूनच दाखवता येईल.

सातपूरचा_बाबा

येवलेकर, हे झकास. घरात मांडलं तर बहुमतवालेही तयार झाले, मात्र अट अशी की त्यानंतर राणीची बाग, आणि वाघ झोपलेला असला तर मी काही बोलायचं नाही. काळविटांचा कळप सकाळी कुठल्या बाजूला असतो? राजापूरकडून गेलेलं बरं की ममदापूरकडून?

येवलेकर

ममदापूरकडून. वनरक्षकाच्या चौकीवर आधी नाव सांगा, ते कळप त्या दिवशी कुठं आहे ते सांगतात. आणि येताना येवल्यात पैठणी बघायला थांबलात तर घरातलं बहुमत कायमचं तुमच्याकडे, पण खिशाचं बघा.